कोठारातली कोर

हैल गाव, शव्वाल ४

सुवैलिम,

सलाम. उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. सलाम करणं माझ्याकडे होतं, ते मी केलं.

ईदच्या पहाटे सारं गाव धुतलेले कपडे घालून नमाजाच्या मैदानाकडे निघालं होतं, आणि तू वळकटी खांद्यावर टाकून खजुरांच्या बागेमागून चोरासारखा निघून गेलास. मतऱ्याला मुलीकडे गेलास हे लॉरीवाल्याकडून कळलं. त्याने आणखीही सांगितलं. वाटेत त्याने हलवा पुढे केला तेव्हा तू म्हणालास, "नको, माझा रोजा आहे." ईदच्या दिवशी रोजा. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ, जन्मभर माझ्याबरोबर बुरुजावर उभा राहून चंद्र पाहिलेला माणूस, आणि जी गोष्ट त्या दिवशी हराम आहे ती लॉरीवाल्यासमोर मिरवतो. तुझी बहीण हे ऐकून भिंतीकडे तोंड करून बसली. खड्ड्यात दोन दिवस भाजलेलं ईदचं मटण तिने तोंडालाही लावलं नाही.

काय घडलं ते मी पुन्हा मांडतो, म्हणजे तुला ते वाकवायला जागा राहणार नाही. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आपण बुरुजावर गेलो. काझी मुर्शिद खाली ओट्यावर बसले, कारण त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नाहीत. सूर्य बुडाला. डोंगराच्या खिंडीपासून डावीकडे, जिथे ती असायला हवी तिथेच, मला कोर दिसली. बारीक, वाकडी, उजेडाची एक रेघ. मी म्हणालो, "ती बघा." तू म्हणालास, "मला दिसत नाही." मी म्हणालो, "नीट बघ." तू म्हणालास, "नीटच बघतोय, मुहन्ना. तिथे काही नाही." रोजे संपवायला दोन साक्षी लागतात. एक मी. दुसरा तू असायला हवा होतास, तो तू झाला नाहीस. दुकानदार सुबैत पुढे आला आणि म्हणाला, मलाही दिसली. काझींनी दोघांची शपथ घेतली. ईद जाहीर झाली. बुरुजावरून बंदुका वाजल्या. वाडीवाडीत निरोप गेले.

यात तुझा अपमान कुठे झाला? मी काझींसमोर म्हणालो की सुवैलिमला हल्ली बुरुजाच्या पायऱ्या दिसत नाहीत, त्याला चंद्र कुठून दिसणार. लोक हसले. लोक हसतात. गावाचा मुअल्लिम म्हणून मी आयुष्यभर मशिदीत माणसांपुढे बोलत आलो, माझ्या तोंडून वाक्य निघालं की त्याला धार असतेच. तू ते मनावर घेतलंस. वय झालं की डोळ्यांवर सारा येतो, मोतीबिंदू धरतो, त्यात लाज कसली? ते मान्य करावं आणि बाजूला व्हावं. उलट वर चढताना तूच माझा कोपर धरलास, जणू म्हातारा मी आहे. तेही मी चारचौघांत बोललो नाही.

आता तू म्हणशील, दुसऱ्या संध्याकाळी साऱ्या गावाने पाहिलेली कोर दोन दिवसांची वाटत नव्हती, पहिल्या दिवसासारखी बारीक होती आणि लगेच बुडाली. हवेत धूळ होती. धुळीत सगळंच बारीक दिसतं.

परत ये. बागेत खलास जातीचा खजूर पिवळा पडायला लागलाय, आणि तुझ्या वाट्याचं पाणी पाटाने सोडायला तुझ्याशिवाय कुणी नाही. अक्षर मोठं आलं असेल तर बोरूला दोष दे, या खेपेचा बोरू जाड निघाला.

मुहन्ना


हैल, शव्वाल १३

सुवैलिम,

तुझं उत्तर नाही. लॉरीवाला म्हणतो, पत्र दिलं, त्यांनी वाचलं आणि घडी घालून टोपीत ठेवलं. काही म्हणाले का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "म्हणाले, मुअल्लिमच्या ओळी डावीकडे उतरताहेत."

बोरूचा दोष नव्हता.

एक गोष्ट विचारतो. तुझ्या वडिलांनी आपल्याला चंद्र पाहायला शिकवलं तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त लक्ष द्यायचास, मी किताबांत रमायचो. कोर एकदा पाहिली की नंतर डोळे मिटल्यावरही दिसते, असं ते कधी म्हणाले होते का? मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही.

विचारण्याचं कारण असं. परवा भरदुपारी मी कोठारात गेलो. तुझ्या बहिणीला जुना खजूर हवा होता. ते कोठार तुला माहीत आहे, खिडकी नाही, दार लोटलं की भर दुपारीही हात दिसत नाही. मी पोत्यांच्या मागे वाकलो, मान वळवली, आणि तिथे, डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, मला कोर दिसली.

हसू नकोस. बारीक, वाकडी, उजेडाची रेघ. खिंडीच्या डावीकडे दिसली होती तीच. आली आणि गेली. मी पुन्हा मान वळवली. पुन्हा आली. मी त्या काळोखात खजुरांच्या पोत्यावर बसलो आणि मान इकडून तिकडे करत राहिलो. जितक्या वेळा मी उजवा डोळा झटकन फिरवला तितक्या वेळा कोठारात चंद्र उगवला.

झुवैना दारात येऊन म्हणाली, "सैफचे बाबा, खजूर काढताय की पोत्यांना प्रवचन देताय?"

मी म्हणालो, "चिचुंद्री आहे का बघतो."

"चिचुंद्री मान हलवून सापडते होय?" ती म्हणाली. तुझी बहीण आहे ती, तिच्यापासून काही फार काळ झाकून राहत नाही. जाताना म्हणाली, "कॉफी ओतताना तुम्ही कपाच्या उजव्या बाजूला ओतता. रमजानपासून. मी चटई दोनदा धुतली."

रमजानपासून. ती कमी सांगत होती. सुवैलिम, मी तुला आता लिहितो ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. रमजानच्या दोन महिने आधी, रजबमध्ये एकदा वाचता वाचता माझ्या उजव्या डोळ्यावर वरून पडदा उतरला. दुखलं नाही, जळजळ नाही. तंबूचं कापड सोडावं तसा राखाडी पडदा खाली आला, एक कप कॉफी पिऊन होईपर्यंत राहिला आणि वर गेला. मी म्हणालो, भूक असेल. शाबानमध्ये पुन्हा आला, पुन्हा गेला. रमजानच्या मध्याला एका सकाळी आला आणि अर्ध्यावरून परत गेलाच नाही. तेव्हापासून त्या डोळ्याने समोरच्या माणसाची दाढी दिसते, पगडी दिसत नाही. दुसरा डोळा चांगला आहे म्हणून मी चालवून नेत होतो.

म्हणजे तू बघ. ज्या डोळ्याला आकाशाची बाजूच उरली नव्हती, तो डोळा घेऊन मी बुरुजावर चढलो आणि तुझ्या डोळ्यांवर सारा आला असं म्हणालो.

पण मला दिसली होती, सुवैलिम. मी खोटं बोललो नाही. एवढं मला अजून धरून ठेवू दे.

काल मी सुबैतच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणालो, "सुबैत, त्या संध्याकाळी तू कोर पाहिलीस ना?"

"पाहिली की, मुअल्लिम. काझींसमोर शपथ घेतली."

"कशी होती? टोकं कुठल्या बाजूला होती?"

तो वेलदोड्याच्या डब्याचं झाकण लावायला लागला. त्याचा चष्मा तुला ठाऊक आहे, बाटलीच्या बुडासारखा. म्हणाला, "टोकं काय, चंद्राला असतात तशी."

"वर होती की बाजूला?"

"तुम्ही बोट दाखवलंत तिकडे होती."

"सुबैत, तुला दिसली का?"

"मुअल्लिम," तो म्हणाला, आणि तो चिडला होता असं नाही, त्याला माझं आश्चर्य वाटत होतं, "तुम्ही दाखवलीत म्हणजे ती होतीच. मला दिसली नाही हा माझ्या डोळ्यांचा दोष. माझ्या डोळ्यांच्या दोषापायी गावाची ईद अडवू का मी?"

मी मशिदीत वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो की साक्ष ही स्वतःच्या डोळ्यांची असते, दुसऱ्याच्या तोंडची नसते. सुबैत पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचा. त्याने मला ऐकलं नव्हतं. त्याने मला नुसतं पाहिलं होतं.

म्हणजे दोन साक्षी नव्हत्या. एकच होती, आणि ती कोठारातही उगवते.

मुहन्ना


मतरा, शव्वालचे शेवटचे दिवस

सुवैलिम,

हो, मतऱ्याहून. हे पत्र तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर बसून लिहितो आहे. घरी खजूर विकायला जातो असं सांगून निघालो. झुवैनाने विचारलं, "हंगाम सुरू व्हायच्या आधी?" आणि मग उत्तराची वाट न पाहता शिदोरी बांधून दिली.

मी परदेशी लोकांच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे एक डॉक्टरीण आहे. तिची अरबी आपल्या बकऱ्यांनाही समजणार नाही, म्हणून शेजारी पीरबख्श नावाचा बलुची कंपाउंडर उभा असतो. तिने डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, काळोख केला आणि एका छोट्या दिव्याने माझ्या डोळ्यात डोकावली. इतक्या जवळ, की तिचा श्वास गालाला लागत होता. मी डोळे मिटले. पीरबख्श म्हणाला, "बाबा, उघडा. ती तुमचं लग्न मोडायला आलेली नाही."

मग तिने सांगितलं आणि त्याने ते आपल्या बोलीत सांगितलं. डोळ्याच्या तळाला एक पडदा असतो, त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, आपल्या पाटाला फुटलेल्या चाऱ्यांसारख्या. उजव्या डोळ्यातली एक चारी बुजली आहे. जिथे ती दुभंगते तिथे एक चकाकता कण अडकलेला तिला दिसला. त्याच्या पुढच्या शेताला पाणी मिळालं नाही, ते शेत वाळलं.

मी विचारलं, "पुन्हा पाणी सोडता येईल?"

ती म्हणाली, "त्याच दिवशी आला असतात तरी फार काही हाती नव्हतं. पण पडदा येऊन जात होता तेव्हा आला असतात तर मी तुमचा रक्तदाब पाहिला असता. केव्हापासून येतोय?"

मी म्हणालो, "रमजानपासून." परक्या बाईपुढेही मी खोटं बोललो, सुवैलिम. मग स्वतःच म्हणालो, "रजबपासून."

तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुगवला. पीरबख्शची थट्टा थांबली. मग तिने डावा डोळा पाहिला, माझा चांगला डोळा, आणि बराच वेळ पाहत राहिली. तिथेही एका धमनीवर फुगा आला आहे. जुन्या पखालीची एक जागा पातळ होऊन बाहेर येते ना, तसा. तो कदाचित आपोआप बसेल. फुटलाच तर डोळ्यात रक्त साचेल. गोळ्या दिल्या. खारवलेला मासा बंद, लोणचं बंद.

"आणि बाबा," पीरबख्श म्हणाला, "ती विचारतेय तुम्ही काम काय करता."

"मी बोलतो. मशिदीत."

त्याने सांगितलं. ती काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "ती म्हणते हळू बोला. ओरडायचं नाही, जोर लावायचा नाही."

मी शेवटी ते विचारलं, ज्यासाठी खरं तर आलो होतो. उजेडाची रेघ. अंधारात, मान वळवली की. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, दुखावलेला पडदा असं करतो, डोळा हलवला की आतल्या आत चमकतो. बाहेर काही नसतं.

बाहेर काही नसतं. पीरबख्शने ते किती सहज सांगितलं. त्या तीन शब्दांवर एका अख्ख्या खोऱ्याने रोजा सोडला होता.

तिथून निघालो तेव्हा थेंबांमुळे ऊन डोळ्यांत भाल्यासारखं घुसत होतं. पगडीचं टोक तोंडावर ओढून मी भिंतीला धरून चाललो. तुझ्या मुलीच्या गल्लीत आलो. दार उघडं होतं. तू आत बसून टोपली विणत होतास आणि नातीशी भांडत होतास. ती म्हणत होती, "आजोबा, ही वाकडी झाली." तू म्हणत होतास, "वाकडी नाही, तुझी मान वाकडी आहे." तुझा आवाज ऐकला आणि मी दारापाशी आलो. मग मला बुरुजाच्या पायऱ्या आठवल्या.

त्या संध्याकाळी वर चढताना मी दोनदा अडखळलो होतो. तेव्हा तू माझा कोपर धरलास. मला म्हातारा समजून नव्हे. तुला कळलं होतं. माझ्या डोळ्यात काहीतरी बिघडलं आहे हे तुला पायऱ्यांवरच कळलं होतं, आणि काझींसमोर मी तुझी टिंगल केली, लोक हसले, तेव्हा तुझ्याकडे एक वाक्य तयार होतं. 'हाच अडखळतोय, मला विचारा, मी धरून आणलंय.' तुझ्या जागी मी असतो तर ते वाक्य बोललो असतो, आणि चांगलं सजवून बोललो असतो. तू एवढंच म्हणालास, "मला दिसली नाही." बाकी काही नाही.

मी दार वाजवलं नाही. हे पत्र पीरबख्शजवळ देतो, मी गेल्यावर तो पोचवील.

त्या दिवशी तुझा रोजा होता. साऱ्या खोऱ्यात तुझा एकट्याचा रमजान पुरा झाला.

मुहन्ना


हैल, जिल्काद ५

सुवैलिम,

परत आल्यावर काझी मुर्शिदांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते जपमाळ ओढत ऐकत होते. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मुहन्ना, ईद होऊन महिना उलटला. लोकांनी खाल्लं, पचवलं. आता त्यांना कशाला सांगतोस?"

मी म्हणालो, "एक रोजा बुडाला आहे. तो भरून काढावा लागेल."

"तो मी माझ्या मानेवर घेतो. निकाल माझा होता. साक्ष ऐकून काझी चुकला तर त्याला माफी आहे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पण तुझं नाव गेलं की बुरूज गेला. पुढच्या वर्षी कुणीही उठेल आणि म्हणेल, मला दिसली. कुणाचं ऐकायचं मी?"

खरं सांगतो, मला ते हवंहवंसं वाटलं. माणसाने हातात चावी द्यावी आणि म्हणावं, हे दार आतून लाव. मी घरी आलो. लोक वाटेत सलाम करत होते, आणि त्यांच्या पगड्या मला दिसत नव्हत्या.

झुवैनाला मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी शव्वालमध्येच धरला."

"काय?"

"तो रोजा. मी माझ्या भावाला ओळखते. तो 'नाही' म्हणाला म्हणजे नव्हती. मी दुसऱ्याच आठवड्यात भरून काढला." चुलीतला निखारा तिने चिमट्याने सारखा केला. "तुम्हाला कॉफी देत होते ना त्या दिवशी, तेव्हा तुम्ही विचारलंत, तू घेत नाहीस? मी म्हणाले, पोटात बरं नाही."

मी तिच्यासमोर बसून होतो, सुवैलिम, आणि तिने एकदाही आवाज चढवला नाही. या घरात आवाज चढवण्याचं काम माझ्याकडे होतं.

उद्या उतरत्या दुपारच्या, अस्रच्या नमाजानंतर मी उभा राहणार आहे. हे लिहून ठेवतो म्हणजे सकाळी मला पळता येणार नाही.

मुहन्ना


हैल, जिल्काद १६

सुवैलिम,

अक्षर ओळखलं असशील. सुबैत लिहितो आहे, मी सांगतो आहे. त्याला मी ताकीद दिली आहे की मी म्हणेन तेच लिहायचं.

(मामा सुवैलिम, सलाम. मी तेच लिहितोय, पण दुकान उघडं ठेवून आलोय, म्हणून घाईत. सुबैत.)

मी उभा राहिलो. डॉक्टरणीने सांगितलं होतं, हळू बोला, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मशिदीत हळू बोललो. खोटं का बोलू, नुसती डॉक्टरणीची भीती नव्हती. लाजही वाटत होती. मी म्हणालो, "रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी कोर नव्हती. माझा डोळा आजारी होता, मला ते माहीत होतं, आणि मी ते लपवलं."

मागून लोहार उठला आणि म्हणाला, "ऐकू येत नाही, मुअल्लिम. मोठ्याने."

मी पुन्हा म्हणालो. थोडं मोठ्याने.

"काय म्हणतायत?" कुणीतरी विचारलं. "डोळे आलेत म्हणतायत."

"कुणाचे?"

"सुवैलिमचे."

सुवैलिम, ते ऐकलं आणि मला राहवलं नाही. ती जी थट्टा मी खाली ओट्यावर पेरली होती ती अजून हिरवी होती. मी भिंतीला हात टेकला आणि ज्या आवाजात मी पन्नास जुम्म्यांना दुष्काळात पावसाच्या दुआ मागितल्या, ज्या आवाजात तुझी टिंगल केली, त्याच आवाजात ओरडलो, "सुवैलिमचे नाही. माझे. आंधळा मी होतो. सुवैलिमने खरं सांगितलं आणि मी त्याला गावात हसं केलं. तुम्ही ईदच्या दिवशी जे खाल्लं ते रमजानमध्ये खाल्लं, आणि ते माझ्यामुळे."

मग सगळ्यांना ऐकू आलं. पाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनाही ऐकू आलं.

आणि बोलता बोलता डाव्या डोळ्यात काहीतरी सुटलं. दुखलं नाही. आधी धुराच्या वेटोळ्यासारखं काही फिरलं, मग मधोमध एक काळी आकृती तयार झाली. खालून गोल, वरून सपाट. पाण्यावर ठेवलेल्या होडीसारखी. ती अजून तिथेच आहे. तिच्या कडेने थोडा उजेड दिसतो, माणसं दिसत नाहीत. झुवैना निरोप्याला मतऱ्याला डॉक्टरणीकडे पाठवायचं म्हणते. डॉक्टरीण म्हणाली होती, रक्त कधी कधी आपोआप विरतं, महिने लागतात. विरेल किंवा विरणार नाही.

(मामा, ते खाली बसले तेव्हा मी धरलं. आणि मीही उभा राहून सांगितलं की मला काहीच दिसलं नव्हतं. लोहार म्हणाला, तुला तुझ्या तराजूचा काटा दिसत नाही हे आम्हाला माहीत होतंच. सगळे हसले. मला वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं.)

सुबैत, तू काय लिहितोयस? बोरू फार वेळ चालला.

काझींनी निकाल दिला. प्रत्येकाने एक रोजा भरून काढायचा, जमेल त्या दिवशी. मला वाटलं होतं लोक दगड मारतील. त्यांनी मारले नाहीत, ते जास्त कठीण गेलं. आता खजूर उतरवायचा हंगाम आहे. माणसं पहाटे झाडांवर चढतात, अंगाची लाही होते, आणि त्यात कधी हा, कधी तो, पाणी न पिता दोरावर लटकलेला असतो. मला दिसत नाही, पण बागेतून जाताना ऐकू येतं. वरून एक म्हणतो, "पाण्याची मश्क दे रे." खालचा म्हणतो, "तुझा आज मुअल्लिमचा रोजा ना?" वरचा म्हणतो, "अरे हो."

मुअल्लिमचा रोजा. माझ्या नावाने या खोऱ्यात आता हे राहणार. माझी इतकी भाषणं झाली, त्यातलं एकही राहिलेलं नाही.

काल झुवैना विचारत होती, "एकोणतिसाव्या संध्याकाळी पुढच्या महिन्याची, जिल्हिजची कोर पाहायला बुरुजावर कोण जाणार?"

मी म्हणालो, "सुवैलिम."

"तो आला नाही तर?"

"मग काझी दुसरं कुणी पाठवतील."

"आणि त्याला दिसली नाही तर?"

"तर महिन्याचे तीस दिवस पुरे करायचे."

ती म्हणाली, "एवढंच?"

एवढंच होतं. लहान मुलालाही ठाऊक असलेला नियम. दिसली नाही तर तीस पुरे करा. कुणाच्या डोळ्याला दोष नाही, कुणाची मान खाली जात नाही, चंद्र काही पळून जात नाही. त्या संध्याकाळी मला एवढंच म्हणायचं होतं, "मला नीट दिसत नाही, तीस पुरे करू." इतके ग्रंथ वाचलेल्या माणसाच्या तोंडून ते वाक्य आलं नाही, कारण खाली लोक वर पाहत उभे होते.

तुला ये म्हणण्याचा हक्क मी गमावला आहे, म्हणून ये म्हणत नाही. फक्त आलास तर काय होईल ते सांगतो. वर तू एकटा जाशील. मी खालच्या पायरीवर बसेन. दिसली तर वरून 'दिसली' म्हण. दिसली नाही तर 'नाही' म्हण. तुझा तो 'नाही' काझींच्या ओट्यापर्यंत मी स्वतः घेऊन जाईन, आणि या वेळी मागच्या माणसापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन, डोळ्याचं काय व्हायचं ते होवो.

बुरुजापासून ओट्यापर्यंतची वाट मला आता दिसत नाही. तेवढा माझा कोपर धर.

मुहन्ना